तलंगेनं अंडी बंद केली? औषधाआधी हात लावून बघा

"काकू, माही तलंग पंधरा दिवस झाले अंडंच नाही देऊन राहिली. कोणतं टॉनिक देऊ?"

मागच्या गल्लीतला मुलगा तीन आठवड्यांपूर्वी फाटकाशी उभा राहून विचारत होता. हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये तीन औषधांचे फोटो. हा प्रश्न मला वर्षातून दोनदा हमखास येतो. एकदा एप्रिल-मेच्या उन्हात, एकदा दिवाळी सरल्यावर. विचारणारे बदलतात, पण सुरुवात सगळे औषधापासूनच करतात आणि चूक तिथेच होते, असं माझं ठाम मत झालंय. चांगली धडधाकट तलंग (पोरसवदा कोंबडी) अंडी थांबवते तेव्हा बहुतेक वेळा पाणी, दाणा, उजेड किंवा निवांतपणा यांतलं काहीतरी कमी पडलेलं असतं. अंगाची ओढाताण होऊ लागली की ती अंड्यावरचा खर्च सगळ्यात आधी बंद करते. काय कमी पडलं ते एकेक करून शोधावं लागतं. मी कसं शोधते ते लिहिते.

आमचं घर नागपुरात, दिघोरीकडे. मागे अंगण, कडुनिंबाचं झाड, खुराडं आणि नऊ कोंबड्या. चार गावरान, तीन ग्रामप्रिया, दोन कडकनाथ. मी अकरा वर्षांपासून पाळतेय.

आधी वय आणि जात

तलंग म्हणजे अंड्यावर आलेली किंवा नुकतीच अंडी देऊ लागलेली पोरसवदा कोंबडी. ग्रामप्रियासारख्या सुधारित जाती साधारण साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात, गावरान सहा-सात महिने घेते. पहिले दीड-दोन महिने तिचं गणित बसलेलं नसतं. कधी लागोपाठ तीन दिवस अंडं, मग चार दिवस काहीच नाही, कधी बिनकवचाचं लिबलिबीत अंडं, कधी दोन बलकांचं. या दिवसांत आठवडाभराचा खंड पडला तर काळजीचं कारण नाही.

गावरान कोंबडी तर सलग देतच नाही. दहा-पंधरा अंड्यांची एक पाळी, मग विश्रांती किंवा खुडूक (अंडी उबवायला बसणं), मग पुढची पाळी. वर्षाची तिची अंडी साठ ते ऐंशीच्या घरात असतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढलेली ग्रामप्रिया नीट खायला-प्यायला मिळालं तर याच्या दुपटीहून जास्त देते. शेजारणीकडे ग्रामप्रिया असेल आणि तुमच्याकडे गावरान, तर दोघींच्या टोपल्यांची तुलना करू नका. त्या कोंबडीवर तो अन्याय आहे.

त्या मुलाची तलंग ग्रामप्रिया होती, आठ महिन्यांची, दोन महिने व्यवस्थित अंडी दिलेली. म्हणजे खरंच काहीतरी बिघडलं होतं.

रात्री काखेत घ्या आणि बघा

हे एक काम शिकून घ्या, अर्ध्या शंका तिथेच मिटतात. अंधार पडल्यावर कोंबडी दांडीवर बसली की शांत असते. तिला हळूच उचलून डाव्या काखेत घ्यायचं, तोंड आपल्या पाठीकडे, शेपटी समोर. उजव्या हाताची बोटं शेपटीखाली, अंड्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना ठेवायची. तिथे दोन टोकदार, पातळ हाडं लागतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडं लवचीक असतात आणि मध्ये आपली दोन-तीन बोटं आडवी सहज मावतात. अंडी बंद असतील तर हाडं कडक आणि जवळ आलेली, जेमतेम एक बोट जातं.

मग टॉर्चच्या उजेडात अंड्याची वाट बघा. ओलसर, रुंद, मऊ असेल तर ती देतेय. कोरडी, आक्रसलेली, सुरकुतल्या थैलीच्या तोंडासारखी दिसली तर बंद आहे. तुराही बघा. लालभडक, भरलेला, हाताला गरम लागणारा तुरा चालू कोंबडीचा, फिका आणि सुकल्यासारखा बंद कोंबडीचा. कडकनाथचा तुरा आणि कातडी मुळातच काळसर असतात, त्यामुळे तिथे रंगावर जाऊ नका, हाडांवरच भरवसा ठेवा. जाता जाता छातीचं हाडही चाचपा. ते सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल तर कोंबडी उपाशी आहे, नाहीतर पोटात जंत आहेत.

तीन बोटं मावली आणि तरी अंडं नाही, तर कोंबडीला दोष देऊ नका. अंडं आहे, तुम्हाला मिळत नाहीये.

देतेय, पण सापडत नाही

माझ्या पहिल्याच वर्षी एका गावरान तलंगेला मी महिनाभर कॅल्शियमचं औषध पाजलं. रोज संध्याकाळी तिला धरायचं, चोच उघडायची, थेंब सोडायचे. ती मला बघून पळायला लागली होती. जळणासाठी रचलेला पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग पावसाळ्याआधी उपसला तेव्हा मागच्या कोपऱ्यात सतरा अंडी निघाली, अर्धी सडलेली. महिनाभर त्या जिवाला मी विनाकारण छळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून शंका आली की चार दिवस मी कोंबड्यांना सकाळी अकरापर्यंत खुराड्यातच ठेवते. बहुतेक कोंबड्या सूर्य उगवल्यापासून पाच-सहा तासांत अंडं देतात, त्यामुळे या वेळात टोपल्यात अंडं दिसायला हवं. दिसलं तर ती बाहेर कुठेतरी घालत होती. मग तिच्या आवडीची जागा बंद करायची आणि खुराड्यातलं टोपलं अंधाऱ्या कोपऱ्यात, कोरड्या तणसाचं, थोडं खोल असं करून द्यायचं. टोपलं उजेडात आणि येण्या-जाण्याच्या वाटेवर असेल तर तलंग तिथे बसत नाही.

टोपल्यात तणीस ओलं, चिकट आणि पिवळं झालेलं दिसलं तर कोणीतरी अंडं फोडून खातंय. कोंबडीच खात असेल तर तिच्या चोचीला बलक वाळलेला सापडतो. शहराच्या कडेला मुंगूस, साप, उंदीर, कावळे हे सगळेच गिऱ्हाईक आहेत. दिवसातून दोनदा अंडी उचलणं, याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

पाणी

आता खरंच बंद झालेल्या तलंगेकडे येऊ. नागपुरात मार्च ते जून या काळात माझा पहिला संशय पाण्यावर असतो.

त्या मुलाकडे मी दुपारी दोनला गेले, मुद्दाम त्याच वेळी. खुराडं गच्चीवर, वर टिनाचं पत्रं. पाण्याचा लाल प्लास्टिकचा डबा पत्र्याच्या सावलीत होता, पण स्लॅबवर ठेवलेला. डबा पाऊण भरलेला. "पानी तं भरलेलंच असते काकू," तो म्हणाला. मी बोट बुडवलं आणि झटकन काढलं. चहा नाही तरी अंघोळीच्या पाण्याइतकं गरम. चारही कोंबड्या भिंतीला टेकून, पंख अंगापासून लांब धरून, चोची उघड्या ठेवून धापा टाकत होत्या. पाणी समोर असून कोणी पीत नव्हतं.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ च्या वर जाते, म्हणजे बाहेरची हवा कोंबडीहून गरम. अशा वेळी नुसता पंखा लावला तर तिच्या अंगावर लू येते. धाप टाकून तोंडातलं पाणी उडवणं हाच तिचा थंड होण्याचा मार्ग, आणि त्यालाच पाणी लागतं. अंड्याच्या आतल्या भागातही पाऊण हिस्सा पाणीच असतं. एरवी पाव लिटरच्या आसपास पिणारी कोंबडी या दिवसांत त्याच्या दुप्पट मागते. एक दिवस पाणी तुटलं तरी तलंग अंडी बंद करते आणि मग परत यायला दोन-तीन आठवडे घेते. धाप टाकताना अंगातली हवा जास्त बाहेर पडून रक्तातला क्षाराचा तोलही बिघडतो, म्हणून उन्हाळ्यात अंडं आलंच तर कवच कागदासारखं पातळ येतं.

उपाय सगळे आपल्या हातातले आहेत. प्लास्टिकचा डबा बाजूला ठेवा आणि मातीची रुंद परळ किंवा फुटक्या माठाचं बूड घ्या. ते जमिनीवर, झाडाखाली, ओल्या वाळूत अर्धं पुरा. पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदला आणि माठातलंच घाला, कारण गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी दुपारी उकळल्यासारखं असतं. चार कोंबड्यांना दोन ठिकाणी पाणी ठेवा. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी तलंगेला जवळ फिरकू देत नाही, हे मी कितीदा पाहिलंय. पत्र्यावर तणीस किंवा जुन्या गोणपाटाचा जाड थर टाकून तो दुपारभर ओला ठेवा. कूलरचे जुने ताटे (पाणी धरणारे पॅड) फेकू नका, खुराड्याच्या पश्चिमेकडच्या जाळीला बांधून पाणी मारत राहा. फक्त हवा खेळती राहील याकडे लक्ष द्या, कोंदट ओलाव्यात कोंबडी जास्त तडफडते. नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) मी खुराडं उघडंच ठेवते आणि कोंबड्यांना दिवसभर कडुनिंबाखालची ओली माती उकरू देते.

दाणा पहाटे पाच-साडेपाचला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यायचा. भर दुपारी खाल्लेला दाणा पचताना अंगात आणखी उष्णता होते.

दाणा

मुलाकडे दुसरी गोष्ट सापडली ती ताटात. सकाळी तांदळाची कणी, दुपारी उरलेला भात, संध्याकाळी पोळीचे तुकडे, रविवारी तर्रीतले पोहे. प्रेमानं घातलेलं, पोटभर, पण त्यातून अंडं तयार होत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. तांदळाच्या कणीत ती सात-आठ टक्के असतात, ज्वारीत दहाच्या आसपास. कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. त्यातला अर्धा भाग भातानं भरला की बाकीचं खायला पोटात जागाच उरत नाही. तर्रीतलं मीठ-तेल तर तिच्यासाठी वाईटच.

मी लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणते. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिलांच्या ग्रोवर खाद्यात जेमतेम एक टक्का. पुष्कळ जण तलंग अंड्यावर आल्यावरही ग्रोवरची उरलेली गोणी संपवत बसतात. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाण्यातून आलं नाही तर कोंबडी हाडांतून काढते, आणि तेही पुरेनासं झालं की थांबते.

शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात कालवू नका. लागेल तेवढा ती स्वतः वेचते. वाटी संध्याकाळी भरलेली हवी. अंड्याचं कवच घडायला वीसेक तास लागतात आणि त्याचं मोठं काम रात्री चालतं. संध्याकाळी खाल्लेले जाड खडे रात्रभर पोटात हळूहळू विरघळतात. शिंपला मिळाला नाही तर घरच्या अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून भरड करा, म्हणजे ती अंड्यासारखी दिसणार नाहीत आणि अंडी फोडून खायची सवय लागणार नाही.

घरचा दाणा करत असाल तर ज्वारी-मक्यात तुरीची चुनी आणि थोडी शेंगदाण्याची ढेप घाला. सरकीची ढेप मात्र घालू नका. आपल्या भागात गाई-म्हशींसाठी ती घरात असतेच, म्हणून सांगते. सरकीतल्या एका विषारी द्रव्यानं अंडी घटतात आणि बलक हिरवट-तपकिरी पडतो. पावसाळ्यात गोणीला वास आला, दाण्याच्या गुठळ्या झाल्या, तर ती गोणी उन्हात वाळवूनही वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्यानं जात नाही.

दिवाळीनंतरची बंदी

कोंबडीला उजेड डोळ्यांतून कळतोच, शिवाय कवटीतून थेट मेंदूलाही पोचतो, आणि त्यावरून तिचं शरीर अंड्यांचा हंगाम ठरवतं. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ तास उजेड लागतो. नागपुरात डिसेंबरात दिवस पावणेअकरा तासांचा असतो. जूनमध्येसुद्धा तो साडेतेराच्या आतच असतो आणि तेव्हा ऊन आडवं येतं. त्यामुळे आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी सगळ्यात चांगली मिळतात.

पहिल्या वर्षाची तलंग हिवाळ्यात शक्यतो कमी देते, पूर्ण बंद करतेच असं नाही. ती साफ बंद असेल तर उजेडासोबत दुसरं कारणही शोधा. दिवाळीच्या फटाक्यांनी घाबरलेली कोंबडी काही दिवस बंद राहते. नवीन कोंबडी आणली, खुराडं हलवलं, रात्री कुत्रा जाळीला धडकला, यानंही तेच होतं. त्याला आठ-दहा दिवसांची शांतता पुरते.

उजेड वाढवायचा असेल तर नऊ वॉटचा एलईडी बल्ब पहाटे लावा. संध्याकाळी लावला आणि अचानक विझवला तर कोंबड्या दांडीवर न चढता अंधारात खालीच अडकतात. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत १४ वर थांबायचं आणि मग वेळ मोडायची नाही. पाच महिन्यांच्या आतल्या पिलांना हा उजेड देऊ नका. अंग भरायच्या आत अंड्यावर आलेल्या तलंगेची अंड्याची वाट बाहेर पडण्याचा धोका असतो.

खुडूक

टोपल्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोचते, "कुडूक कुडूक" करते, छातीची पिसं उपटते. ही खुडूक कोंबडी. गावरान तलंगही पहिल्याच पाळीनंतर बसू शकते. पिलं हवी असतील तर दहा-बारा फलित अंडी खाली ठेवा, २१ दिवसांत पिलं निघतील. नको असतील तर जाळीच्या तळाचा पिंजरा दोन विटांवर ठेवून तीन-चार दिवस तिला त्यात ठेवा. दाणा-पाणी भरपूर द्या, तणीस अजिबात नको. पोटाखालून हवा गेली की ऊब मोडते. नाकात पीस खुपसणं, पाय बांधून ठेवणं हे प्रकार अजूनही चालतात. ते करू नका, पिंजऱ्यानं तेच काम बिनात्रासाचं होतं.

रात्रीचे किडे

सगळं नीट आहे, तरी तुरा फिका पडतोय? रात्री दहानंतर एक पांढरं फडकं घेऊन बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूनं आणि सांध्यांतून फिरवा. फडक्यावर तांबड्या रेघा उमटल्या तर रक्तपिपासू लाल किडे आहेत. दिवसा ते भेगांत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात, म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच दिसत नाही. अंड्याच्या वाटेजवळच्या पिसांच्या मुळाशी साखरेच्या दाण्यांसारखे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी. खुराडं रिकामं करून भेगा चुन्यानं लिंपा, दांड्या उन्हात टाका, राख-मातीचा खड्डा करून द्या म्हणजे कोंबड्या त्यात लोळतील. औषध आणि जंताचा डोस मात्र वजन सांगून डॉक्टरकडूनच घ्या, आणि डोसनंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

कधी थांबायचं नाही

एकाच वेळी सगळ्याच कोंबड्या बंद झाल्या, श्वासाला घरघर आहे, विष्ठा हिरवट-पांढरी, मान वाकडी, तोंड सुजलेलं किंवा एखादी अचानक मेली, तर वर लिहिलेलं सगळं विसरून त्याच दिवशी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं. मेलेली कोंबडी उघड्यावर फेकू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस वेळेवर टोचून घेतली असेल तर ही वेळ क्वचितच येते.

एकटीच तलंग शेपटी खाली पाडून, ताठ उभी राहून कुंथत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तिचं मागचं अंग बुडवून ठेवा, मग अंधाऱ्या उबदार जागी एकटी सोडा. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर डॉक्टर. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका, आत फुटलं तर ती वाचत नाही.

आणि एक प्रकार असा, ज्याला इलाज नाही. पिलू असताना श्वासनलिकेचा संसर्गजन्य आजार होऊन गेला असेल तर अंड्याच्या नळीला कायमची इजा होते. तुरा लाल, हाडं उघडलेली, टोपल्यात जाऊन बसतेही, पण अंडं कधीच येत नाही.

सुधारणा केल्यावर वाट बघावी लागते. पाणी-उन्हाचं कारण असेल तर दोन-तीन आठवडे, खुडूक मोडल्यावरही तेवढेच, दाणा बदलल्यावर तीन-चार आठवडे. या काळात रोज काहीतरी नवीन करून बघू नका, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. वहीत तारीख, कोंबडी आणि अंडं एवढंच लिहा.

त्या मुलानं खुराडं गच्चीवरून खाली जांभळाखाली आणलं, परळ पुरली, भात बंद केला. काल रात्री आम्ही टॉर्च घेऊन पुन्हा बघितलं. मागच्या वेळी एक बोट जेमतेम जात होतं, काल दोन मावली आणि तुऱ्याच्या टोकांना लाली आलीय. "आता तरी टॉनिक देऊ का, काकू?" त्यानं विचारलं. अजून आठवडाभर थांब आणि शिंपल्याची वाटी भरलेली ठेव, असं सांगून आले.